शरीरातली लोखंडाची साखळी पाहणारा माणूस : डेव्हिड केलिन

कोरोनाच्या काळात ऑक्सिमीटर नावाची ती चिमट्यासारखी वस्तू अनेक घरांत पोचली. बोट आत घालायचं, लाल दिवा लागायचा आणि काही सेकंदांत आकडा यायचा, ९७ किंवा ९८. आता तेच काम कित्येकांच्या मनगटावरचं स्मार्टवॉच करतं. यामागचं तत्त्व सोपं आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोखंड असतं. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून यंत्र टक्केवारी काढतं.

पण हा आकडा फक्त रक्तापुरता. रक्तातून ऑक्सिजन पेशीत गेला की पुढे त्याचं काय होतं? आपण श्वास घेतो तो शेवटी नेमका कशासाठी खर्च होतो? हे घड्याळ सांगत नाही. याचं उत्तरही प्रकाश आणि लोखंड यांच्याच मदतीने सापडलं होतं, साधारण १०० वर्षांपूर्वी. ते शोधणारा माणूस होता माश्या आणि उवा यांचा अभ्यासक. विशेष म्हणजे त्याला स्वतःलाच आयुष्यभर दम्याचा त्रास होता. चला तर मग, डेव्हिड केलिन यांची गोष्ट जाणून घेऊया.

पाऊस आला आणि करिअर बदललं

केलिन यांचा जन्म २१ मार्च १८८७ रोजी मॉस्कोमध्ये झाला. आईवडील पोलिश. पुढे कुटुंब वॉर्सोला परतलं. लहानपणी तब्येत इतकी नाजूक की दहाव्या वर्षापर्यंत शिक्षण घरीच झालं. १९०४ मध्ये ते बेल्जियममधल्या लीज विद्यापीठात गेले. डॉक्टर व्हायचं डोक्यात होतं, पण दम्यामुळे ते जमेल असं दिसेना. मग ते पॅरिसला आले.

इथे एक मजेदार प्रसंग घडल्याचं सांगतात. एके दिवशी रस्त्यात जोराचा पाऊस आला. आडोसा म्हणून केलिन एका इमारतीत शिरले. आत मॉरिस कोलरी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञांचं व्याख्यान चालू होतं. ते ऐकून केलिन इतके रमले की पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागले. विषय काय, तर गांडुळाच्या अंगात वाढणारी एका माशीची अळी. ऐकायला विचित्र वाटतं, पण परजीवी कीटकांची हीच आवड पुढे सगळ्या शोधाचं मूळ ठरली.

१९१५ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला आले. तिथे जॉर्ज नटॉल हे परजीवींवर संशोधन करणारे प्राध्यापक होते. खंदकातल्या सैनिकांना उवांनी हैराण केलं होतं, त्यामुळे उवांचा अभ्यास तेव्हा फार गरजेचा होता. केलिन त्या कामात पडले. १९२१ मध्ये नटॉल यांच्या प्रयत्नांतून मोल्टेनो इन्स्टिट्यूट उभी राहिली. केलिन यांचं उरलेलं सगळं आयुष्य याच इमारतीत गेलं.

घोड्याच्या पोटातली अळी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एका जातीच्या माशीची अळी घोड्याच्या जठरात चिकटून वाढते. तिथे ऑक्सिजन फारच कमी. पण या अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. कीटकांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ आहे.

केलिन यांना प्रश्न पडला की अळीची माशी होते तेव्हा या हिमोग्लोबिनचं काय होतं? माशी तर मोकळ्या हवेत उडते. हे बघायला त्यांनी एक जुनं, साधं उपकरण वापरलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला छोटा वर्णपटदर्शक, म्हणजेच स्पेक्ट्रोस्कोप. त्यातून पांढरा प्रकाश पाहिला की इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. मध्ये एखादा पदार्थ ठेवला तर तो काही ठरावीक रंग खाऊन टाकतो आणि त्या जागी काळे पट्टे दिसतात. हे पट्टे म्हणजे त्या पदार्थाचा फिंगरप्रिंट समजा. हिमोग्लोबिनचे पट्टे कुठे येतात हे तेव्हा चांगलंच माहीत होतं.

माशीच्या छातीतल्या, पंख हलवणाऱ्या स्नायूंमध्ये केलिन यांना पट्टे दिसले खरे, पण ते हिमोग्लोबिनचे नव्हते. एकूण चार पट्टे, अगदी स्पष्ट, आणि वेगळ्याच जागी.

मग त्यांनी दुसऱ्या माश्या पाहिल्या. तेच चार पट्टे. मधमाश्या पाहिल्या, तेच. जिवाणू पाहिले, पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट पाहिलं, वनस्पतींचे भाग पाहिले. पट्ट्यांच्या जागा थोड्याफार सरकायच्या, पण कुटुंब एकच. म्हणजे ही गोष्ट एका माशीपुरती नव्हती. हवेवर जगणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ती होती.

हलवलं की गायब, ठेवलं की हजर

खरी कमाल पुढे आहे. एका नळीत यीस्ट पाण्यात कालवून ठेवलं होतं आणि त्यात पट्टे छान दिसत होते. ती नळी जोरात हलवली, म्हणजे त्यात हवा मिसळली, की पट्टे गायब! नळी तशीच ठेवली की थोड्या वेळात पट्टे परत हजर. पुन्हा हलवा, पुन्हा गायब. किती वेळा करा, तेच.

याचा अर्थ काय? यीस्टच्या पेशी नळीतला ऑक्सिजन वापरून संपवत होत्या. ऑक्सिजन असला की तो पदार्थ एका अवस्थेत जात होता आणि संपला की दुसऱ्या. पेशी जिवंत असताना, तिचा श्वास चालू असताना, आतलं रसायन डोळ्यांसमोर बदलताना दिसत होतं.

केलिन यांनी हे जिवंत कीटकातही पाहिलं. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणारा मेणपतंग त्यांनी काचेवर चिकटवला आणि त्याच्या छातीतून प्रकाश आरपार सोडला. पतंग शांत असताना पट्टे जवळपास दिसत नव्हते. सुटायची धडपड करत त्याने पंख फडफडवले की पट्टे उमटत. भोवती नुसता नायट्रोजन सोडला की पट्टे गडद होत, हवा आली की पुसट. व्यायाम करताना घड्याळात आकडे बदलतात ना, तसाच हा प्रकार. फक्त हे मोजमाप थेट स्नायूच्या आतलं होतं.

१९२५ मध्ये त्यांनी हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला आणि या पदार्थाला नाव दिलं सायटोक्रोम, म्हणजे पेशीतला रंग. चार पट्टे असले तरी हा एकच पदार्थ नसून तीन पदार्थ मिळून ते बनतात हेही त्यांनी ओळखलं. त्यांना ए, बी आणि सी अशी नावं मिळाली.

लोखंड इथे करतं तरी काय?

आपल्या रोजच्या अनुभवातून समजून घेऊया. लोखंडाचा अणू दोन रूपांत सहज राहू शकतो. एका रूपात त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्त असतो, दुसऱ्या रूपात तोच इलेक्ट्रॉन त्याने देऊन टाकलेला असतो. देणं आणि घेणं दोन्ही त्याला सोपं जातं.

हिमोग्लोबिनमधलं लोखंड ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि वेळ आली की सोडतं. ते एक प्रकारचं डिलिव्हरीचं काम आहे. सायटोक्रोममधलं लोखंड वेगळं काम करतं. ते आधीच्या सोबत्याकडून एक इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्याला देतं. इलेक्ट्रॉन हातात असताना ठळक पट्टे दिसतात, देऊन टाकला की पट्टे फिके पडतात. नळी हलवल्यावर पट्टे जात होते ते यामुळे. ऑक्सिजन आला की साखळीतले सगळे जण आपापला इलेक्ट्रॉन पुढे ढकलून मोकळे होत.

पण ही साखळी आहे हे कशावरून? केलिन यांनी दोन विषं वापरली. सायनाइड घातलं तर नळी कितीही हलवा, पट्टे जात नव्हते. म्हणजे इलेक्ट्रॉन हातात आहेत, पण ऑक्सिजनकडे जाणारं दार बंद. याउलट युरेथेन नावाचं गुंगी आणणारं रसायन घातलं तर पट्टे परत येत नव्हते. म्हणजे ऑक्सिजनकडचं दार उघडं आहे, पण अन्नाकडून येणारा पुरवठा थांबलाय. नळाच्या दोन टोकांना दोन चाव्या असाव्यात आणि एकेक बंद करून पाइप मधून कसा जातो ते ओळखावं, तसं हे झालं.

एका टोकाला अन्न, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन आणि मध्ये लोखंड असलेल्या प्रथिनांची रांग. यालाच आज श्वसन साखळी म्हणतात.

४० वर्षांपूर्वी कुणीतरी हेच पाहिलं होतं

आता गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. हे पट्टे पाहणारे केलिन पहिले नव्हते.

चार्ल्स मॅकमन हे मूळचे आयर्लंडचे डॉक्टर. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन या औद्योगिक गावात त्यांची प्रॅक्टिस होती. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात ते स्पेक्ट्रोस्कोप घेऊन बसत. १८८४ ते १८८६ या काळात त्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या स्नायूंमध्ये आणि इतर अवयवांत हेच पट्टे पाहिले. हा पदार्थ श्वसनाशी संबंधित आहे, असंही त्यांनी लिहिलं.

पण तेव्हा जर्मनीत फेलिक्स होप्पे-झायलर हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव होतं. हिमोग्लोबिनला हे नाव देणारेही तेच. मॅकमन यांना जे दिसलं ते हिमोग्लोबिनच मोडून तयार झालेलं काहीतरी असावं, असं त्यांच्या प्रयोगशाळेचं म्हणणं पडलं. मॅकमन यांच्या कामात काही चुका होत्या हेही खरं. कबुतराच्या स्नायूतून पदार्थ वेगळा काढायचा त्यांचा प्रयत्न गंडला होता. वाद वाढला. शेवटी १८९० मध्ये होप्पे-झायलर यांनी आपल्याच नियतकालिकात टीप टाकून ही चर्चा आता पुढे चालवण्यात अर्थ नाही, असं जाहीर केलं. विषय तिथेच संपला. पाठ्यपुस्तकांतून मॅकमन यांचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. १९११ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं म्हणणं कुणी मान्य केलेलं नव्हतं.

केलिन यांना हे जुने लेख सापडले. मॅकमन हयात नव्हते, त्यांची बाजू मांडणारं कुणी नव्हतं. एखाद्याने ते लेख तसेच कपाटात राहू दिले असते तरी चाललं असतं. केलिन यांनी तसं केलं नाही. १९२५ च्या लेखातच त्यांनी मॅकमन यांचं काम मांडलं. त्यांचं काय बरोबर होतं, कुठे चूक झाली आणि त्यांच्यावर अन्याय कसा झाला, हे सगळं लिहिलं. आज मॅकमन हे नाव आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः केलिन यांच्यामुळे.

बर्लिनबरोबरचा वाद

केलिन यांनाही विरोध झालाच. बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग हे अत्यंत हुशार आणि तितकेच तिखट शास्त्रज्ञ होते. पेशीतला ऑक्सिजन एका लोखंडयुक्त एन्झाइममुळे वापरला जातो हे त्यांनी दाखवलं होतं. त्यांचा प्रयोगही भन्नाट. कार्बन मोनॉक्साइडने हे एन्झाइम बंद पडतं आणि त्यावर प्रकाश टाकला की पुन्हा चालू होतं. कोणत्या रंगाच्या प्रकाशाने किती चालू होतं हे मोजून, एन्झाइम वेगळं न काढताच, त्यांनी त्यातल्या लोखंडाची जातकुळी ओळखली. यासाठी १९३१ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं.

मात्र केलिन यांच्या सायटोक्रोमला वॉरबर्ग बराच काळ फारसं महत्त्व द्यायला तयार नव्हते. केलिन शांतपणे काम करत राहिले. एडवर्ड हार्ट्री या सहकाऱ्याबरोबर त्यांनी घोड्याच्या हृदयाचा स्नायू घेऊन साखळीचे तुकडे वेगळे केले, सायटोक्रोम सी शुद्ध काढलं आणि परत जोडून साखळी चालते का हे तपासलं. १९३९ मध्ये त्यांनी साखळीच्या टोकाला असलेला आणखी एक घटक ओळखला. सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड याच घटकाला चिकटतात. त्याचं नाव सायटोक्रोम ए-थ्री. वॉरबर्ग यांचं एन्झाइम म्हणजे केलिन यांच्या साखळीचीच शेवटची कडी होती. दोघंही बरोबर होते. एकाने शेवटचं टोक पाहिलं होतं, दुसऱ्याने पूर्ण रांग.

आज आपल्याला काय माहीत आहे?

केलिन यांच्यानंतर हे चित्र बरंच स्पष्ट झालं. थोडक्यात पाहूया.

ही साखळी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात असते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत हेल्मुट बाइनर्ट यांना नव्या प्रकारचे लोखंडी थांबे सापडले. त्यांत लोखंड आणि गंधक यांचे छोटे पुंजके असतात. त्यांचे पट्टे सायटोक्रोमइतके ठळक नसल्यामुळे केलिन यांच्या उपकरणातून ते निसटले होते. आपल्या साखळीच्या पहिल्या मोठ्या एन्झाइममध्ये असे आठ पुंजके असतात.

आता प्रश्न असा की प्रथिन म्हणजे काही तांब्याची तार नाही. मग एका लोखंडाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन जातो कसा? उत्तर आहे टनेलिंग. इलेक्ट्रॉन इतका हलका असतो की क्वांटम नियमांनुसार तो मधली भिंत न चढता पलीकडे सापडू शकतो. १९६६ मध्ये डीव्हॉल्ट आणि चान्स यांनी एका जिवाणूत दाखवलं की उणे २०० अंशांच्याही खाली गारठवलं तरी सायटोक्रोममधून इलेक्ट्रॉन निघून जातोच. साध्या रासायनिक क्रियेला उष्णता लागते, ती अशा थंडीत थांबली असती. मात्र या उडीला मर्यादा आहे. दोन थांब्यांमधलं अंतर साधारण १.४ नॅनोमीटरपेक्षा कमी हवं. म्हणूनच निसर्गाने लोखंडाचे थांबे जवळजवळ ठेवले आहेत, नदी ओलांडायला टाकलेल्या दगडांसारखे.

अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन ते ऑक्सिजन, हा एकूण फरक सुमारे १.१ व्होल्टचा. रिमोटमधला सेल १.५ व्होल्टचा असतो, म्हणजे अंदाज येईल. शेवटच्या एन्झाइममध्ये लोखंडाबरोबर तांबंही असतं. तिथे एका ऑक्सिजन रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्याचं पाणी होतं. आपण घेतलेल्या श्वासातला वापरला गेलेला बहुतेक ऑक्सिजन असाच पाणी बनतो.

वाटेत सुटणारी ऊर्जा कुठे जाते, हे कोडं पीटर मिचेल यांनी सोडवलं. तिच्या जोरावर पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात, जणू बॅटरी चार्ज होते. मिचेल तरुणपणी केंब्रिजमध्ये असताना केलिन यांच्या प्रभावाखाली आले होते. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातच केलिन यांचं नाव घातलं.

नोबेल नाही, पण…

केलिन यांना स्वतःला नोबेल कधीच मिळालं नाही. १९३१ मध्ये ते केंब्रिजमध्ये प्राध्यापक आणि मोल्टेनो इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले, १९५१ मध्ये रॉयल सोसायटीचं मानाचं कोपली पदक मिळालं. त्यांच्या कामाचा आवाका मोठा होता. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींमध्ये हिमोग्लोबिन असतं हे त्यांनी वांग या सहकाऱ्याबरोबर पक्कं केलं. पूर्ण वाळून निपचित पडलेले आणि पाणी मिळताच पुन्हा जागे होणारे सूक्ष्म जीव असतात, त्या अवस्थेला क्रिप्टोबायोसिस हे नाव त्यांनीच दिलं.

आणखी एक गोष्ट. मॅक्स पेरुत्झ नावाचा ऑस्ट्रियाहून आलेला तरुण क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनची रचना शोधत होता. त्याच्याकडे धड जागा नव्हती. केलिन यांनी आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये त्याला काम करू दिलं. १९४७ मध्ये या कामासाठी सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडून पैसा मिळवावा, ही कल्पनाही त्यांचीच. त्यातून एक छोटा विभाग सुरू झाला. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडणारे वॉटसन आणि क्रिक याच विभागात बसत होते. पेरुत्झ यांना १९६२ मध्ये नोबेल मिळालं.

२७ फेब्रुवारी १९६३ रोजी केंब्रिजमध्ये केलिन यांचं निधन झालं. पेशींच्या श्वसनाचा इतिहास सांगणारं एक पुस्तक ते लिहीत होते. ते त्यांच्या मुलीने, जोन यांनी, पूर्ण करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या विसरलेल्या डॉक्टरांनाही त्यांची जागा मिळाली आहे.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी घड्याळात ऑक्सिजनचा आकडा बघाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की तो प्रवासाचा फक्त अर्धा टप्पा आहे. उरलेला अर्धा टप्पा तुमच्या प्रत्येक स्नायूत, लोखंडाच्या एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत चालू आहे. ही माहिती आवडली असेल तर सायन्सवाल्या मित्रमैत्रिणींना नक्की पाठवा.